बेंजोची खरखर

कार्यक्रम रंगला तर लोक गायकाला भेटायला स्टेजवर चढतात. बिघडला तर माझ्याकडे येतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी गावांशी माझी ओळख अशी बिघाडातूनच झाली आहे. ‘ती बघ, वायरवाली,’ असं कुणी मागून म्हणालं की मी वळून बघत नाही. पण मला ते आवडतं. हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे.

आमचा साउंडचा व्यवसाय आहे. बाबांनी तो लग्नातल्या भोंग्यांपासून सुरू केला. आता मोठे स्पीकर आहेत, मिक्सर आहे, सामान वाहायला पिकअप गाडी आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरीच्या दोन मुलाखतींत एक शब्दही धड बोलू शकले नाही. तिसरी मुलाखत द्यायच्या ऐवजी मी बाबांच्या गाडीत बसले. त्याला सहा वर्षं झाली. आता बऱ्याच कार्यक्रमांना मिक्सरवर मी एकटीच असते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वायर ती वायर. घरातल्या बल्बची वायर आणि वाद्याची वायर यांत फार फरक असतो. बल्बच्या वायरमधून भरपूर वीज धावते. वाद्याच्या वायरमधून जे जातं ते इतकं क्षीण असतं की हात लावला तरी काही कळत नाही. ते क्षीण काहीतरी मिक्सर आणि अँप्लिफायर मिळून हजारपट मोठं करतात, तेव्हा कुठे मांडवाच्या टोकाला बसलेल्या आजींना ऐकू येतं. पण वाटेत कचरा मिसळला तर तोही तितकाच मोठा होतो. म्हणून या वायरच्या आत मधोमध एक बारीक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी असते. जाळी बाहेरचा गोंगाट अडवते. जाळी तुटली की स्पीकरमधून भुंग्यासारखं ‘घुंऽऽ’ ऐकू येतं. मधली तार तुटली की आवाज साफ बंद. हे दोन्ही आजार बरे, कारण ते लपत नाहीत. वाईट असते ती खरखर. ती येते, जाते, तुम्ही बघायला गेलात की गप्प बसते.

पुस्तकात मी हे सगळं शिकले होते. पुस्तकात बकरी नव्हती.

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात भर सकाळी लिंबाखाली भजन होतं. गाव बहुतेक मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्यांचं. कीबोर्डची वायर अंथरायला चार-पाच जणांनी उत्साहाने मदत केली. ते थेट प्रसादाचा शिरा ढवळून आले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या अभंगाला ‘घुंऽऽ’ झालं आणि मग कीबोर्ड गेला. माझी पद्धत अशी की वायर मिक्सरपासून हातात धरायची आणि चाचपत शेवटापर्यंत जायचं. मी वायर धरून चालत गेले. वायर लिंबाला वळसा घालून एका बकरीच्या तोंडात जात होती. तूप-साखर लागलेली वायर ती डोळे मिटून चघळत होती.

मी काही बोलायच्या आत मालकीण धावत आल्या. मला वाटलं, बकरीला हाकलतील. त्यांनी मलाच धरलं.

“अगं माय, किती खाल्लं तिनं? करंट तं न्हाई ना बसणार? गाभण हाय ती!”

“नाही काकू. या वायरमध्ये विद्युतप्रवाह अत्यल्प असतो.”

“काय असतो?”

“करंट नसतो.”

“मंग एवढं मोठं मशीन कशावर चालून राहिलं?”

तिकडे भजनी मंडळ माझ्याकडे बघत होतं आणि इकडे मी एका बकरीच्या तब्येतीची हमी देत होते. शेवटी मी गाडीतून दुसरी वायर आणली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वाद्याला दोन जादा वायरी नेतो, आणि अंथरण्याआधी मदतनीसांचे हात धुवून घेतो. यावर लोक हसतात. हसू देत.

कनेरगाव नाक्याजवळच्या एका लग्नात गिटारवाला गात गात पाहुण्यांमध्ये शिरला. नवरीच्या मामांनी नाचता नाचता त्याच्या वायरवर पाय दिला. पिन उपटली आणि स्पीकरमधून असा ‘धाड्’ आवाज निघाला की स्पीकरजवळ बसलेले एक आजोबा उठले, आपली खुर्ची उचलली आणि कुणाशी न बोलता मांडवाबाहेर चालते झाले. आता मी गिटारची वायर आधी त्याच्या खांद्याच्या पट्ट्यातून ओवून घेते. ओढ बसली तर पट्ट्याला बसते, पिनीला नाही. साधी गोष्ट आहे. माझ्या धंद्यातल्या सगळ्या साध्या गोष्टी अशा कुणाच्या तरी मामांनी शिकवलेल्या आहेत.

पण मला खरं सांगायचं आहे ते जवळा बाजारकडच्या एका गावातल्या कलशारोहणाचं. आठवलं की अजून माझे हात गरम होतात.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी देवळावर कलश चढला आणि मग मांडवात कार्यक्रम होता. आधी स्वागताचं गाणं, मग पुढाऱ्यांची भाषणं, मग बेंजो पार्टीची भक्तिगीतं आणि शेवटी महाप्रसाद. पार्टी वारंगा फाट्याकडची होती. ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असतात. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पेटीच्या डाव्या टोकाला भोक असतं. त्यात वायरची पिन खुपसली की आवाज मिक्सरकडे येतो. आमच्याकडे मिरवणूक, वरात, जयंती, काहीही असो, बेंजो वाजल्याशिवाय पाय उचलत नाहीत.

पार्टीचा बेंजो किसनकाका वाजवायचे. सडपातळ, पांढरी टोपी, कमी बोलणारे. कमी बोलणारी माणसं मला लगेच ओळखू येतात. त्यांचा बेंजो मखमली कापडात गुंडाळलेला असायचा आणि त्याला हात लावायची कुणालाही परवानगी नव्हती. सकाळी आवाज तपासताना मी वायर घेऊन गेले तर त्यांनी ती माझ्या हातातून हळूच घेतली.

“राहू दे माय. वायर मीच लावतो. त्याला दुसऱ्याचा हात चालत न्हाई.”

त्यांनी वायर लावली, दोन ओळी वाजवल्या. आवाज स्वच्छ. मग वायर काढली, बेंजो परत कापडात गुंडाळला आणि चहाला गेले.

तेवढ्यात पार्टीचे मालक प्रल्हादभाऊ मिक्सरजवळ आले. ते ढोलकी आणि इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवतात, आणि त्यांचा आवाज मुळातच माईक लावल्यासारखा आहे. त्या दिवशी मात्र ते कुजबुजले.

“मडम, आज काकाचा शेवटचा चान्स हाय.”

“कसला चान्स?”

“मागचे तीन प्रोग्राम बेंजोनं खरखर केली. तिन्ही टायमाला साउंड तुमचाच व्हता, तुमच्या बाबानं वायरी बदलून पाह्यल्या. काही फरक न्हाई. घरी प्रॅक्टिसला काचेवानी साफ, अन् स्टेजवर चढले का खर्र खर्र. हात कापून राहिला त्यांचा. बटण बराबर दबत न्हाई. वय झालं, काय करता?”

“मग?”

“मंग म्हणून संदीपला आणलं.” त्यांनी स्टेजकडे मान केली. तिथे एक शांत माणूस कीबोर्ड मांडत होता. “आज खरखर आली का तुमी काकाचा आवाज हळूच बंद करायचा. संदीप तेच वाजवत राहील. पब्लिकला कळणार न्हाई, काकाला बी कळणार न्हाई. उद्यापासून मंग कीबोर्डच. उगंच म्हाताऱ्या माणसाला तोंडावर सांगायची तकलीफ नको.”

मला नाही म्हणायचं होतं. मी मान हलवली. ही माझी जुनी खोड आहे. लोक तिला होकार समजतात.

स्वागताच्या गाण्याची वेळ झाली. काका स्टेजवर आले, आमच्याकडे पाठ करून बसले, बेंजोसमोर वाकले, काहीतरी पुटपुटले, वायर लावली आणि मग लोकांकडे तोंड केलं. प्रल्हादभाऊंनी ढोलकीवर थाप दिली. काय सुरुवात होती ती! बेंजोचा आवाज तारेवर थेंब घरंगळावा तसा पुढे आला. मांडवात सगळीकडे माना डोलायला लागल्या. मी मिक्सरवर हात ठेवून हसत होते.

दुसऱ्या कडव्याला खरखर आली.

आधी वाळलेला पाला चुरगळल्यासारखी, मग कढईत मोहरी तडतडल्यासारखी. पुढच्या रांगेतले दोघे मागे वळले. प्रल्हादभाऊंनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून भुवई उडवली. बंद करा.

मिक्सरवर प्रत्येक वाद्याची एक पट्टी असते, वर-खाली सरकवायची. बेंजोची पट्टी माझ्या बोटाखाली होती. त्याच क्षणी मी पाहिलं की काकांनी कपाळाचा घाम पुसायला डावा हात उचलला आणि उजवा मांडीवर टेकवला. दोन्ही हात बेंजोपासून लांब होते आणि खरखर चालूच होती. हात कापत असता तर हात उचलल्यावर ती थांबली असती. दोष हातात नव्हता. वाटेत कुठेतरी होता.

हे मला कळलं, आणि तरी मी पट्टी खाली सरकवली.

खरखर थांबली. संदीपच्या कीबोर्डने गाणं उचलून धरलं. लोक पुन्हा डोलायला लागले. किसनकाका वाजवत राहिले आणि त्यातलं काहीही कुणापर्यंत पोहोचत नव्हतं. तीन मिनिटं असतील. सहा वर्षांत मी बऱ्याच चुका केल्या, पण ही एकच अशी आहे की जी मी डोळे उघडे ठेवून केली. शेवटच्या ओळीला काकांनी कान बेंजोजवळ नेला, एक तार छेडली, वर स्पीकरकडे पाहिलं आणि मग मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फक्त पाहिलं.

टाळ्या झाल्या. भाषणं सुरू झाली. प्रल्हादभाऊ जवळून जाताना म्हणाले, “झालं. भाषणानंतर संदीपच वाजवल.”

मी तारा जोडायची सोल्डरिंगची पेटी उचलली आणि मागच्या बाजूने स्टेजवर चढले. मांडवात तीन-चारशे माणसं होती. एरवी मी स्टेजवर जाते ती कार्यक्रमाआधी किंवा नंतर, रिकाम्या मांडवात.

“काका, मला बेंजो बघू द्या.”

“बंद केला व्हता ना तू मला?”

“हो.”

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. तळवे खाली, बोटं सरळ. “हात कापतो म्हणतेत माझा. मी ऐकलं ते. बघ बरं.”

मी पाहिलं. टेबलावर ठेवलेली फूटपट्टी हलत नाही तसे ते हात हलत नव्हते.

“नाही कापत, काका.”

“मंग काय हाय?”

“उघडल्याशिवाय नाही कळणार.”

मग त्यांनी बेंजो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. त्यांच्याच घरातलं कुणी हे पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता, असं मला नंतर प्रल्हादभाऊंनी सांगितलं.

आम्ही स्टेजच्या मागे पडद्याआड बसलो. मी पिन बाहेर ओढली. पिनीचं टोक लाल होतं. लाल आणि चिकट. भोकात कापसाचा इअरबड फिरवला, तोही लाल झाला. वास घेतला. तेलाचा.

“कुकू हाय ते,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “तेलात कालवून लावतो. परत्येक कार्यक्रमाला, वायर लावायच्या आधी. आवाज इथूनच निघतो ना त्याचा? म्हणून तिथंच बोट टेकवतो.”

“आणि घरी? प्रॅक्टिसला?”

“घरी काहून? घरी नुसती प्रॅक्टिस. कार्यक्रम म्हंजे देवाचं काम.”

माझ्या डोक्यात एकदम दिवे लागले. सकाळी आवाज स्वच्छ, कारण कुंकू अजून लावलेलं नव्हतं. घरी स्वच्छ, कारण घरी लावतच नाहीत. स्टेजवर बोट भोकात, मागोमाग पिन, आणि पिनीबरोबर कुंकू आत. पिन आत जाताना घासून टेकते म्हणून पहिलं कडवं बरं जातं, मग तेल पसरतं आणि खरखर सुरू. बाबांनी तीन वेळा वायर बदलली. वायरला काही झालंच नव्हतं. तीन कार्यक्रमांचं कोडं माझ्या हातातल्या इअरबडवर होतं आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण कुणाला? समोर बसलेल्या माणसाला, की तुमची पूजाच तुमचा आवाज गिळते आहे?

तेवढ्यात पडदा सारून प्रल्हादभाऊ डोकावले. “काय निघालं?”

काका माझ्याकडे बघत होते. लाल इअरबड मी मुठीत घेतला.

“वायर,” मी म्हणाले. “आमची वायर खराब होती.”

“आँ? तिन्ही टायमाला?”

“हो. आतलं थोडं जोडावं लागेल. पंधरा मिनिटं द्या.”

“पंधरा? बाहेर साहेब बोलायला उठले हायत. ते बसले का लगेच आपण.” ते क्षणभर थांबले. “घ्या पंधरा. साहेब दोन शब्द बोलतो म्हणालेत, म्हंजे अर्धा तास तं कुठं जात न्हाई.”

मी पेटीचे चार स्क्रू काढले. भोकाच्या आत पिनीला धरून ठेवणारी पितळेची पट्टी असते. तिच्यावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा काळपट लेप बसला होता. तो आता इतका जाड झाला होता की ताजं तेल लागलं की पिन टेकायचीच नाही. स्पिरिटने पुसायला गेले आणि जरा जोर लावला. पट्टी मुळाशी सडली होती. ‘टक्’ झालं आणि ती माझ्या बोटात आली.

आता बेंजो खरखरणारही नव्हता. तो मुका झाला होता, आणि तो मी केला होता.

“तुटलं?” काकांनी विचारलं.

“तुटलं. पण मी वायर थेट आत जोडते. भोकाची गरजच नाही.”

हे बोलताना माझा आवाज इतका ठाम होता की मलाच नवल वाटलं. मी सोल्डरिंगची गन बोर्डात लावली, वायरचं टोक कापलं, मधली तार सोलली, जाळीला पीळ दिला. बाहेर साहेब गावाच्या एकीबद्दल बोलत होते. गन तापली. मी कथील टेकवलं, ते वितळेना. पुन्हा टेकवलं. गन थंड होत चालली होती. वळून पाहिलं तर बोर्डात माझ्या गनच्या जागी एक वेगळीच पिन होती. साहेबांना उकडतंय म्हणून कुणीतरी माझी पिन काढून पंखा लावला होता. हिवाळ्यात!

मी आयुष्यात कधी इतक्या जोरात ओरडले नव्हते.

“पंखा काढा आधी!”

पडद्यापलीकडे साहेब वाक्याच्या मधोमध थांबले. मांडवात शांतता, मग एक मोठा हशा आणि कुणीतरी टाळ्याच वाजवल्या. साहेबही हसले असावेत. त्यांचा आवाज आला, “बरं बरं, पडद्यामागून सूचना आलेली आहे, मी आटोपतं घेतो.”

नेमकं तेच नको होतं.

पंखा निघाला, गन पुन्हा लागली. ती तापेपर्यंतचा प्रत्येक सेकंद मला ऐकू येत होता. अडचण अशी की कथलाचा टाका मारायला तीन हात लागतात. एका हातात गन, दुसऱ्यात कथील, आणि केसाएवढी तार जागेवर धरायला तिसरा.

“काका, ही तार धराल? इथे. हलवू नका. गन तुमच्या बोटापासून एवढीशीच लांब असेल.”

“तू तुझं कर.”

त्यांनी चिमटीत तार धरली. मी गन टेकवली. धूर त्यांच्या नखांवरून वर गेला. तार एक केसभरही हलली नाही. कथील चांदीसारखं पसरलं आणि थिजलं. पहिला टाका. बाहेर साहेब सर्वांचे आभार मानत होते. दुसरा टाका जाळीचा. त्यालाही काकांचीच चिमटी. हेच हात कापतात म्हणत होते!

वायर ओढली तर टाका तुटू नये म्हणून मी आत तिला गाठ मारली, चारातले दोनच स्क्रू लावले, उरलेले ओठात धरले आणि बेंजो काकांच्या हातात दिला. सूत्रसंचालक म्हणत होते, “आणि आता आपण ज्याची वाट पाहतो आहोत…” मी स्टेजवरून उडी मारून मिक्सरकडे पळाले. हो, पळाले, सगळ्यांसमोर, ओठात स्क्रू धरून.

स्टेजवर प्रल्हादभाऊंनी संदीपला खूण केली. संदीपने कीबोर्डवर हात ठेवले. काकांनी बेंजो समोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांची पट्टी वर सरकवली. जिथे असायला हवी त्याच्याही थोडी वर.

पहिला सूर आला आणि मी श्वास रोखला. पहिलं कडवं गेलं. खरखर नेहमी दुसऱ्या कडव्याला यायची. दुसरं कडवं सुरू झालं. मी कानांत प्राण आणून ऐकत होते, पाला, मोहरी, काहीही. काहीच नाही. नुसता बेंजो! काकांनी लय वाढवली. नखी दिसेनाशी झाली. प्रल्हादभाऊंनी चमकून पाहिलं आणि ढोलकी पळवायला लागले, कारण आता त्यांना काकांना गाठायचं होतं. मांडवाच्या मागच्या टोकाला पोरी उठून नाचायला लागल्या, मग त्यांच्या आया. संदीपने चार ओळी साथ केली, मग दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले, मांडीवर ठेवले आणि मान डोलवत ऐकत बसला. त्या माणसाचे आभार मी अजून मानलेले नाहीत. इथे मानते.

काका एकामागून एक पाच गाणी वाजवून थांबले. तोवर ओठातल्या स्क्रूंची चव माझ्या जिभेवर बसली होती.

बेंजो कापडात गुंडाळताना मी त्यांच्याजवळ गेले. राहिलेले स्क्रू लावले. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. खूप वेळ लागला, कारण मी प्रत्येक वाक्य मनात आधी बोलून बघते.

“काका, वायर खराब नव्हती. ते कुंकू आत जात होतं. तेलामुळे पिन नीट टेकत नव्हती.”

“म्हंजे मीच?”

मी मान हलवली. या वेळी तिचा अर्थ होकारच होता.

त्यांनी सदऱ्याच्या खिशावरून हात फिरवला. आत कुंकवाची डबी होती. मला वाटलं, न सांगितलेलंच बरं होतं.

मग पंगत बसली. मी एका टोकाला, माझ्या शेजारी किसनकाका, समोरच्या ओळीत प्रल्हादभाऊ आणि सगळी पार्टी. प्रल्हादभाऊंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

“मडम, बाबाला निरोप सांगा. म्हणा, वायरी चांगल्या ठेवा! तुमच्या वायरीपायी आमी किसनकाकाला बोल लावून राहिलो. एवढं मोठं नाव तुमचं, अन् वायर अशी?”

दोन-तीन माणसं माझ्याकडे बघायला लागली. बाबा प्रत्येक वायर स्वतः तपासतात, पुसतात, गुंडाळतात. त्यांच्या वायरीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी वरणात पोळी कुस्करत राहिले.

काकांनी घास पानावर ठेवला.

“पल्ल्या, वायर बराबर व्हती तिची.”

“आँ?”

“वायर बराबर व्हती. बोट माझं व्हतं.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. डबी, तेल, भोक, पहिलं कडवं, दुसरं कडवं. अख्ख्या पंगतीसमोर, कुणाकडे न बघता. “पोरीनं माझ्यासाठी सोताच्या बापाची वायर खराब म्हणून सांगितली. मला ते गिळून बसता न्हाई आलं.”

वाढणाऱ्याचा हात बुंदीच्या घमेल्यात थांबला. प्रल्हादभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. मग ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

“म्हंजे काका, इतके दिवस तुमी त्याची पूजा करत व्हते का त्याच्या नरड्यात बोळा कोंबत व्हते?”

पंगत हसून लोळायची बाकी होती. काकांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“हस रे, हस. शेवटचा चान्स हाय म्हणत व्हता ना?”

प्रल्हादभाऊंचं हसू थांबलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, कानशिलं लाल झाली होती.

“परवा सेनगावला प्रोग्राम हाय,” ते खाली बघत म्हणाले. “गाडी नऊला येईल तुमच्या दारात. तयार राहा. आन् ती डबी माझ्याजवळ द्या.”

“डबी न्हाई देत,” काका म्हणाले. “जागा बदलतो.” मग माझ्याकडे वळले. “कुठं लावू माय? तू सांग.”

सगळी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती. एरवी मी अशा वेळी पानात बघते.

“लाकडावर, काका,” मी शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. “उजव्या टोकाला. तिथे हवं तेवढं लावा!”